डिकेमालीचं शास्त्रीय नाव आणि वर्गीकरण : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडं बघत हिंडणारी मंडळी, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि घरी अनंताची कुंडी बाळगणारे, या तिघांकडून गार्डेनियाबद्दल, म्हणजे अनंत-डिकेमालीच्या गटाबद्दल, तेच तेच प्रश्न येतात. पुस्तकात एक नाव, नेटवर दुसरं, दुकानात तिसरं, मग खरं कोणतं? हा त्यातला सगळ्यात मोठा. खालची उत्तरं मुख्यतः डिकेमाली या औषधी डिंक देणाऱ्या झाडाबद्दल आहेत, कारण गार्डेनियांमधली ती आपली, इथल्या डोंगररानातली. अनंताचा विषय ओघाने येतोच.

डिकेमालीचं आजचं मान्य शास्त्रीय नाव कोणतं?

गार्डेनिया रेझिनिफेरा रॉथ. यातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. तिसरा शब्द नावाचा भाग नाही. ज्याने हे नाव पहिल्यांदा रीतसर छापलं त्याचं ते आडनाव. रोजच्या बोलण्यात तो गाळला तरी चालतो, नोंदवहीत मात्र गाळू नका. का ते पुढे ल्युसिडाच्या प्रश्नात कळेल.

(प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, असा आपल्या पाठ्यपुस्तकांचा रिवाज आहे. वर्तमानपत्रांत हे सर्रास उलटं छापून येतं, त्यामुळे आधीच सांगून ठेवतो.)

मग गार्डेनिया गमीफेरा कोणती? तिलाही डिकेमालीच म्हणतात ना?

हो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या दोन वेगळ्या जाती आहेत. दोन्हींच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळसर हिरवा, उग्र वासाचा चिकट डिंक येतो, दोन्हींचा डिंक डिकेमाली म्हणून गोळा होतो आणि बाजारात एकाच पोत्यात पडतो. डिंक ओळखून झाड सांगणं त्यामुळे जवळपास अशक्य आहे.

झाड समोर असेल तर पानं बघा. गमीफेराची पानं लहान, टोकाकडे रुंद आणि बुडाशी निमुळती होत जवळजवळ थेट फांदीला चिकटलेली असतात. देठ असा जाणवतच नाही. रेझिनिफेराचं पान मोठं, चकचकीत, छोट्या पण स्पष्ट देठाचं असतं आणि मधल्या शिरेपासून निघणाऱ्या समांतर उपशिरांची संख्या भरपूर असते. फूल मिळालं तर पाकळ्यांखालची नळी भिंगाखाली धरा. गमीफेराच्या नळीवर बाहेरून बारीक लव असते, रेझिनिफेराची नळी गुळगुळीत असते. एकाच पानावरून निर्णय देऊ नका, चार-पाच फांद्या बघा. कोवळ्या फुटव्याची पानं दोन्हीकडे फसवतात.

गमीफेरा हे नाव धाकट्या लिनियसने, म्हणजे शास्त्रीय नावांची दोन शब्दांची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसच्या मुलाने दिलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 1781 साल आहे, प्रत्यक्षात ते बाहेर आलं एप्रिल 1782 मध्ये. नावापुढे जे 'एल. एफ.' दिसतं त्यातला एफ. म्हणजे फिलियस, लॅटिनमध्ये मुलगा. विद्यार्थी तो गाळतात आणि नाव बापाच्या खात्यावर जमा होतं.

सोलापुरात डिकेमालीचं झाड कुठे बघायला मिळेल?

शहरात बघायची तर काष्ठौषधीच्या दुकानात, तीही खड्यांच्या रूपात. झाड हवं असेल तर डोंगराची वाट धरा. डिकेमाली ही कोरड्या पानझडी जंगलातली, खडकाळ उतारावरची. आपला बराचसा जिल्हा म्हणजे साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाचा, गवताळ माळ आणि काळी रानं. नान्नजचं माळढोक अभयारण्य सुंदर आहे, पण ते गवत, बोर, बाभूळ, हिवर यांचं राज्य. तिथे गार्डेनिया शोधत फिरू नका. शिवाय अभयारण्यातून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काडीही तोडता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो वनस्पतींनाही लागू होतो.

अनंत आणि डिकेमाली एकच का?

नाही. प्रजाती एक, जाती वेगळ्या. कुंडीतला अनंत म्हणजे गार्डेनिया जास्मिनॉइडिस. तो मूळचा चीन, जपान, तैवान, व्हिएतनाम या भागातला. आपल्याकडे लावतात तो बहुधा दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचा, म्हणून त्याला फळ धरत नाही. एकेरी फुलाच्या झाडाला नारिंगी फळ येतं आणि त्यातून पिवळा रंग निघतो. चीन-जपानमध्ये तो खाण्यात आणि कापडाला वापरत आले आहेत. त्या रंगातला क्रोसिन हा घटक केशरातही असतो.

अनंताची पानं पिवळी पडतात, हा इथला नेहमीचा तक्रारवजा प्रश्न. त्याला आंबट माती लागते आणि आपली काळी माती चुनखडीची, त्यामुळे त्याला लोह उचलता येत नाही. कुंडीत काळी माती भरू नका, एवढं पुरे.

'गार्डेनिया' म्हणजे गार्डनमधलं झाड, असंच ना?

असं वाटणं साहजिक आहे, पण नाही. हे एका माणसाचं आडनाव आहे. अलेक्झांडर गार्डन हा स्कॉटलंडचा डॉक्टर. तो अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन गावी दवाखाना चालवायचा आणि फावल्या वेळात झाडं, मासे, कीटक गोळा करून लिनियसला पाठवायचा. त्याच्या नावाचं झाड मात्र अमेरिकेतलं नाही, भारतातलं नाही आणि त्याने शोधलेलंही नाही.

घडलं ते असं. 1754 च्या सुमारास हचिन्सन नावाच्या एका जहाजाच्या कप्तानाला दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपजवळ दुहेरी पांढऱ्या फुलांचं सुवासिक झुडूप मिळालं. ते त्याने इंग्लंडला नेऊन रिचर्ड वॉर्नर या बागप्रेमी गृहस्थाला दिलं. तिथून त्याला इंग्रजीत केप जास्मिन हे नाव पडलं, आणि ते दोन्ही अंगांनी चुकीचं आहे. झाड मूळचं केपचं नाही आणि ते जास्मिन, म्हणजे जाई-जुईच्या कुलातलंही नाही. लंडनमधल्या माइल एंडचा रोपवाटिकावाला जेम्स गॉर्डन याने फाटे लावून त्याची रोपं केली.

जॉन एलिस हा लंडनचा व्यापारी निसर्गाचा मोठा अभ्यासक होता. ही नवी प्रजाती आहे हे त्याने ओळखलं. आधी वॉर्नरचं नाव द्यायचं घाटत होतं, पण वॉर्नरने नको म्हटलं. मग एलिसने आपल्या पत्रमित्राचं, गार्डनचं नाव पुढे केलं आणि लिनियसच्या मागे लागून ते मान्य करवून घेतलं. 1761 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं. जास्मिनॉइडिस म्हणजे जाईसारखी, म्हणजे लोकांचा मूळ गैरसमज जातीच्या नावात राहूनच गेला.

यात एक गाठ आहे. एलिसच्या पाच वर्षं आधी, 1756 मध्ये, जेन कोल्डन या न्यूयॉर्कच्या बाईंनी दिलेलं 'गार्डेनिया' हेच नाव एडिनबरोत छापून आलं होतं. तेही याच डॉक्टरच्या नावावरून, पण पूर्ण वेगळ्या, हायपेरिकम गटातल्या दलदलीतल्या एका वनस्पतीसाठी. आधी छापलेलं नाव ग्राह्य, हा नियम कठोरपणे लावला असता तर आज अनंताला आणि डिकेमालीला गार्डेनिया म्हणता आलं नसतं. शेकडो नावं बदलावी लागू नयेत म्हणून शास्त्रज्ञांनी एलिसचा गार्डेनिया 'संरक्षित नाव' म्हणून राखून ठेवला. जेन कोल्डन यांची आठवण त्यामुळे वनस्पतींच्या नावांच्या नियमावलीच्या परिशिष्टात एका ओळीपुरती उरली आहे. अठराव्या शतकात वनस्पतींची शास्त्रीय वर्णनं लिहिणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या. मला विचाराल तर ही ओळ वर्गात आवर्जून सांगायला हवी.

आमच्या जुन्या पुस्तकात गार्डेनिया ल्युसिडा आहे. ते चूक का?

चूक नाही, जुनं आहे. ल्युसिडा आणि रेझिनिफेरा ही एकाच झाडाची दोन नावं, त्यातलं रेझिनिफेरा ग्राह्य आणि ल्युसिडा समनाम. हे का ठरलं ते समजलं की वनस्पतींच्या नावांचा अर्धा कायदा समजला, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

ल्युसिडा हे नाव विल्यम रॉक्सबर्गचं. हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला, आंध्र किनाऱ्यावर राहिला आणि 1793 पासून कलकत्त्याच्या वनस्पतीबागेचा प्रमुख झाला. त्याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची चित्रं काढून घेतली. जिवंत झाड बघून, ताजं फूल उकलून वर्णन लिहिणारा माणूस. त्याच्या हस्तलिखितांत हजारो वर्णनं पडून होती. तब्येत ढासळल्यावर तो परत गेला आणि 1815 मध्ये एडिनबरोत वारला. त्यांचं 'फ्लोरा इंडिका' हे पुस्तक हयातीत निघालं नाही.

1814 मध्ये त्याच्या बागेतल्या झाडांची यादी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून निघाली, पण ती नुसती यादी होती. ज्या नव्या नावापुढे वर्णन नाही ते शास्त्राच्या लेखी नग्न नाव, आणि नग्न नावाला हक्क नसतो. पूर्ण वर्णनांचा पहिला खंड 1820 मध्ये आणि दुसरा 1824 मध्ये आला. गार्डेनिया ल्युसिडाचं वर्णन दुसऱ्या खंडात आहे.

मधल्या काळात, 1821 मध्ये, जर्मनीत एक पुस्तक निघालं. आल्ब्रेख्ट विल्हेल्म रॉथ हा ब्रेमेनजवळचा गावडॉक्टर, भारतात कधी पाऊल न टाकलेला. बेंजामिन हाइन याने दक्षिण भारतात जमवलेले वाळलेले नमुने त्याच्या हाती आले आणि त्यावरून त्याने नव्या जातींची वर्णनं छापली. त्यात गार्डेनिया रेझिनिफेरा होती. 1821 विरुद्ध 1824. तीन वर्षांच्या फरकाने निकाल रॉथच्या बाजूने.

जमिनीचा व्यवहार तोंडी आधी झाला असला तरी दस्त ज्याचा आधी नोंदला त्याचा हक्क धरतात, तसंच हे. रॉक्सबर्गने झाड जिवंत पाहिलं, रॉथने वाळलेलं, आणि तरी मान रॉथला. मला स्वतःला हे खटकतं. पण 'कुणाला झाड जास्त कळलं होतं' हा निकष लावायला गेलं तर प्रत्येक नावावर भांडण होईल. छापल्याची तारीख निदान तपासता येते.

जाता जाता, रॉक्सबर्गची यादी आणि खंड छापवून घेणारा संपादक विल्यम केरी म्हणजे तोच, ज्याने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण काढलं आणि फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली. वैजनाथ पंडित त्याच्या हाताशी होते. मराठी गद्याच्या इतिहासात आणि डिकेमालीच्या नावाच्या इतिहासात एकच छापखाना निघावा, हा योगायोग मला फार आवडतो.

म्हणजे आता ल्युसिडा विसरायचं?

मुळीच नाही. डिकेमालीच्या डिंकातल्या गार्डेनिन या पिवळ्या द्रव्यांवरचं रसायनशास्त्राचं बरंच लिखाण ल्युसिडा या नावाखाली आहे. माहिती शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर निम्मी हाती लागणार नाही. अनंताच्या बाबतीतही असंच: फ्लोरिडा आणि ऑगस्टा ही त्याची जुनी नावं रोपवाटिकांच्या पाट्यांवर अजून दिसतात. तिन्ही एकच झाड.

प्रॅक्टिकलला सर बेंथम-हूकरप्रमाणे 'रुबिएलिस' लिहायला सांगतात, नेटवर 'जेन्शिएनेलिस' आहे. काय लिहू?

परीक्षेत प्रश्न ज्या पद्धतीचा असेल ते लिहा, आणि दोन्ही का आहेत ते समजून घ्या.

कुलाबद्दल वाद नाही. गार्डेनिया रुबिएसी कुलात आहे. हे नाव फ्रान्सच्या आंत्वान लोराँ द ज्युसियूने 1789 मध्ये रूढ केलं, आणि मूळ शब्द रुबिया, म्हणजे आपली मंजिष्ठा. जगभरात तेरा हजारांच्या आसपास जाती असलेलं हे सपुष्प वनस्पतींमधलं पहिल्या चार-पाच मोठ्या कुलांपैकी एक. कॉफी, कदंब, सिंकोना, एक्झोरा, पेंटास, नोनी, गेळा हे सगळे इथलेच. कापडाच्या गावाला माहीत असावा असा आलही याच कुलातला. त्याच्या मुळांपासून सुताला लाल रंग देत.

वाद आहे तो कुलाच्या वरच्या पायरीचा, गणाचा. बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 या काळात जी मांडणी केली ती अंडाशय कुठे आहे यावर बराच भर देते. रुबिएसीचं अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतं, म्हणून त्यांनी ते इन्फेरी या गटात, रुबिएलिस गणात घातलं. कण्हेर-रुईचं अंडाशय पाकळ्यांच्या वर, म्हणून ते दूर, जेन्शिएनेलिसमध्ये गेलं.

पुढे डीएनए वाचता यायला लागला आणि ही दोन्ही घरं जवळची निघाली. एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या डीएनएवर आधारलेल्या पद्धतीत, जिची चौथी आवृत्ती 2016 ची आहे, रुबिएसी हे जेन्शिएनेलिस गणात कण्हेर, सदाफुली, रुई यांच्या शेजारी बसतं. नुसत्या डोळ्यांनाही काही खुणा दिसतात: समोरासमोर पानं, कळीत पिळल्यासारख्या एकावर एक गुंडाळलेल्या पाकळ्या, कोवळ्या शेंड्याजवळ चिकट स्राव देणाऱ्या बारीक ग्रंथी. डिकेमालीचा डिंक या ग्रंथींतूनच येतो. म्हणजे दुकानात तोळ्यावर विकला जाणारा खडा हा वर्गीकरणाचा पुरावाच आहे म्हणायला हरकत नाही.

सरळ उतरंड हवी असेल तर: गण जेन्शिएनेलिस, कुल रुबिएसी, उपकुल इक्झोरॉइडी, गट गार्डेनिई, प्रजाती गार्डेनिया, जाती रेझिनिफेरा. उपकुलाचं नाव अलीकडे काही लेखक वेगळं लिहितात, त्याचा परीक्षेवर परिणाम होत नाही.

अनंत आणि दुहेरी तगर यांतला फरक कसा ओळखावा?

पान तोडा. पांढरा चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत. तगर कण्हेरीच्या कुलातली, अनंत मंजिष्ठेच्या. दुसरी खूण अधिक पक्की: समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध, फांदीवर, छोटी उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाजवळची इवली पाती, दिसतात का ते बघा. रुबिएसीत ती दोन देठांच्या मधे असतात. हे एकदा डोळ्यात बसलं की एक्झोरापासून कदंबापर्यंत सगळं कूळ लांबून ओळखू येतं.

गेळा आणि फेटरी हेही पूर्वी गार्डेनियाच होते म्हणे?

होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पांढरं सुवासिक फूल आणि कठीण सालीचं गोल फळ दिसलं की झाड गार्डेनियात किंवा रँडियात टाकायची पद्धतच होती. त्या दोन प्रजाती अक्षरशः अडगळीच्या खोल्या झाल्या होत्या. विसाव्या शतकात ती अडगळ उपसणाऱ्यांत मोठं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ तिरुवेंगडम यांचं. त्यांनी परागकण, बिया, फळाची रचना, काटे कुठून फुटतात, असं सगळं तपासून 1978-79 मध्ये बऱ्याच आशियाई जातींची घरं बदलली.

गेळा, ज्याचं फळ आयुर्वेदात मदनफळ, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्गच्या लेखी गार्डेनिया स्पायनोझा होता. वैद्यकाच्या पुस्तकांत तो रँडिया ड्युमेटोरम म्हणून भेटतो. आता तो कॅटुनारेगम स्पायनोझा. कॅटुनारेगम हा सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान रीडने नोंदवलेल्या मलबारी नावाचा लॅटिन अवतार. रॉक्सबर्गची गार्डेनिया टर्जिडा, आपली फेटरी, सेरिस्कॉइडिस टर्जिडा झाली. ओलसर जागी येणारी गार्डेनिया युलिजिनोझा तामिळनाडिया युलिजिनोझा झाली. राज्याच्या नावावरून प्रजाती, आणि तीही चक्क तामिळनाडूच्या!

अशा बदललेल्या नावात पहिल्या लेखकाचं नाव कंसात जातं आणि हलवणाऱ्याचं बाहेर. सेरिस्कॉइडिस टर्जिडा (रॉक्सबर्ग) तिरुवेंगडम. कंस दिसला की समजायचं, झाडाने घर बदललं आहे. गार्डेनिया रेझिनिफेराच्या पुढे कंस नाही, म्हणजे ती पहिल्यापासून आहे तिथेच आहे.

रुंद पानांची गार्डेनिया कोणती?

गार्डेनिया लॅटिफोलिया, विल्यम एटन यांनी 1789 मध्ये लंडनच्या क्यू या वनस्पतीबागेच्या यादीत वर्णन केलेली. पानं मोठी, रुंद, कधी कधी तीन-तीनच्या वेढ्यात. मागच्या बाजूला शिरांच्या बेचक्यात केसांचे झुपके असतात. पाकळ्या बहुधा पाचापेक्षा जास्त. फूल पांढरं उमलून दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं, पण ती सवय सगळ्याच गार्डेनियांची. त्यावरून जात ठरवू नका.

'टाइप नमुना' म्हणजे काय?

प्रत्येक जातीच्या नावाला एक विशिष्ट वाळवलेला नमुना कायमचा बांधलेला असतो. नाव म्हणजे वर्णन नव्हे, नाव म्हणजे तो नमुना. वर्णनात लेखकाची चूक झाली असेल, चित्र फसवं असेल, तरी वाद झाला की तो कागदावर चिकटवलेला तुकडा बाहेर काढतात. म्हणून जगातली जुनी हर्बेरियमं, म्हणजे अशा नमुन्यांचे संग्रह, जपावी लागतात. आपल्याकडे हावड्याचं केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम आणि पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम ही मोठी. सोलापूरच्या विद्यार्थ्याला पुणे आणि कोल्हापूर हे सोयीचं. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संग्रह उत्तम आहे. आधी पत्र पाठवून जा.

डिकेमालीचं नाव पुन्हा बदलेल का?

बदलू शकतं, आणि ते कसं बदलेल हे आधीच सांगता येतं. समजा उद्या कुणी भक्कम पुराव्याने दाखवलं की रेझिनिफेरा आणि गमीफेरा या वेगळ्या जाती नाहीतच. मग दोन्ही मिळून एक जात होईल आणि तिचं नाव गमीफेरा राहील, कारण 1782 हे 1821 च्या आधी. रेझिनिफेरा मग समनामांच्या यादीत ल्युसिडाच्या शेजारी जाऊन बसेल. उलट रेझिनिफेरातच दोन जाती दडलेल्या निघाल्या, तर जो गट रॉथच्या नमुन्याशी जुळेल त्याच्याकडे जुनं नाव राहील आणि दुसऱ्याला वेगळं मिळेल.

म्हणजे बदल दोन प्रकारचे. एक कायद्याचा, आधीची तारीख सापडली म्हणून. दुसरा शास्त्राचा, झाडाबद्दलची समज बदलली म्हणून. लोक वैतागतात दोन्हींवर, पण दुसऱ्यावर वैतागणं अन्यायाचं आहे.

मराठीत वर्णन लिहून नवी जात जाहीर करता येईल का?

आज नाही. 1 जानेवारी 2012 पासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत लागतं. त्याआधी 1935 पासून फक्त लॅटिन चालायचं. गंमत म्हणजे 1935 च्या पूर्वी कुठलीही भाषा चालत होती, म्हणजे त्या काळी कुणी मराठीत रीतसर वर्णन छापलं असतं तर ते ग्राह्य धरावं लागलं असतं. नाव मात्र आजही मराठी शब्दावरून ठेवता येतं, फक्त ते लॅटिनच्या चालीने वळवावं लागतं.

कानडी-तेलुगू बोलणारे शेजारी याला वेगळंच काही म्हणतात.

कानडीत बिक्के, तेलुगूत बिक्की. आपल्या गावात तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, तेव्हा हे कानावर येणारच. पण ही नावं एकाच जातीला बांधलेली नाहीत. एका भागात बिक्के म्हणजे गमीफेरा, दुसरीकडे दुसरीच गार्डेनिया. नोंद घेताना स्थानिक नाव जरूर लिहा, शेजारी ते सांगणाऱ्याचं गावही लिहा. नुसत्या स्थानिक नावावरून शास्त्रीय नाव लावणं टाळा.

दुकानातल्या डिकेमालीच्या पुडीवर शास्त्रीय नाव आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?

पुडीवरचं नाव बहुतेक वेळा पुस्तकातून उतरवलेलं असतं, पुडीतला डिंक तपासून लिहिलेलं नसतं. वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही जातींचा माल एकत्र येतो, त्यात सालीचे तुकडे आणि काड्याही असतात. आयुर्वेदात याला नाडीहिंगू म्हणतात. जंतांवर देतात, आणि घरोघरच्या आज्या बाळाच्या दात येण्याच्या दिवसांत आठवणीने काढतात. गुरांच्या जखमेवर माशा बसू नयेत म्हणूनही लावत. हा प्रश्न नावाचा आहे तोवर ठीक, पण तान्ह्या बाळाच्या तोंडात काही घालायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नाव बरोबर असल्याने मात्रा बरोबर ठरत नाही.

देवनागरीत शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात लिहायचं का?

रोमन लिपीत प्रजाती आणि जाती तिरप्या अक्षरांत, हाताने लिहिताना अधोरेखित. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत आणि तिरपी अक्षरं वाईट दिसतात. साधं लिहा, उच्चार सांभाळा. रेझिनिफेरा लिहा किंवा रेसिनिफेरा, पण एका लेखात एकच. हर्बेरियमच्या चिठ्ठीवर मात्र रोमनच.

हर्बेरियमच्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहू?

कुलाचं नाव, मग प्रजाती-जाती आणि लेखकाचं नाव. खात्री नसेल तर जातीच्या जागी काही लिहू नका, नुसतं 'गार्डेनिया' ठेवा. तसं लिहिण्यात कमीपणा नाही. ठिकाण तालुका-गावासह, शक्य तर अक्षांश-रेखांश. तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक.

त्यानंतर वाळल्यावर जे उडून जातं ते लिहा, कारण नंतर येणाऱ्याला ते कागदावर दिसणार नाही: फुलाचा रंग ताजा असतानाचा, वास, झाडाची उंची, शेंड्यावर डिंक होता का आणि कोणत्या रंगाचा, जमीन खडकाळ की मुरमाड. गार्डेनियाची फळं जाड असतात, कागदात दाबू नका. अर्धं चिरून वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्या पाकिटावर तोच क्रमांक टाका. नाव पक्कं करताना क्यू बागेचं प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन हे संकेतस्थळ बघा. तिथे समनामं आणि छापल्याची सालं दोन्ही मिळतात. ज्याने नाव ठरवलं त्याचं नाव आणि तारीख वेगळ्या छोट्या चिठ्ठीवर. पुढे कुणी ओळख बदलली तर तो आपली चिठ्ठी शेजारी चिकटवेल, तुमची काढणार नाही.